आत्याचं बीपी आणि सीएचओ मॅडम

मागच्या रविवारी भोरकडं आत्याकडे गेलेलो. तिचं बीपी सारखं वर जायचं, मागं पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा दोन तास बसून डॉक्टरांनी जेमतेम तीन मिनिटं दिली आणि गोळी वाढवली, बास. आता मात्र ती गावच्या उपकेंद्रात जाते, तिथे डॉक्टर नाही, सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) मॅडम आहेत. मी पण गेलो सोबत. मॅडमनी आधी आत्याला पाच मिनिटं गप्प बसवलं (आत्याला गप्प बसवणं म्हणजे खायचं काम नाही!), मग पट्टा बांधला, आणि गोळ्यांची स्ट्रिप बघून विचारलं, आजी, महिन्यात एवढ्याच संपल्या? तेव्हा कळलं की ही बया गोळी अर्धी तोडून खात होती, पुरवून पुरवून. घ्या!

२०१८ ला आयुष्मान भारतमधून ही पोस्ट आली, बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंगवाले सहा महिन्यांचा कोर्स करून लागतात, अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांना व्हिडिओ कॉल. अमेरिकेत तर ड्यूक युनिव्हर्सिटीने १९६५ मध्येच फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासणाऱ्यांचा कोर्स काढला, पहिल्या बॅचला नौदलात पेशंट सांभाळून आलेले लोक.

डॉक्टर लोक चिडतात, अर्ध्या शिक्षणावर औषधं कशी देता म्हणून, आणि छातीत दुखत असेल तर मी पण आत्याला थेट पुण्यालाच आणीन. पण बीपी-शुगरला? मला तरी मॅडम चालतील. फक्त त्यांना कंत्राटावर लटकवून ठेवू नका राव.

आत्या आता अख्खी गोळी खाते. म्हणते तरी.