थकबाकीदारांच्या फोटोंचं पान

निपाणीच्या एका साप्ताहिकाचं पान छपाईआधी तपासायला आलं. पाव पानाची जाहिरात: एका सौहार्द सोसायटीचे (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी पतसंस्था) सहा थकबाकीदार, फोटो, गाव, रक्कम. वर ठळक मथळा, ‘सोसायटीला गंडा घालणारे’.

कर्ज थकणं हा दिवाणी मामला. गंडा घातला म्हटलं की फसवणुकीचा आरोप झाला, आणि सहापैकी एकावरही तशी फिर्याद नव्हती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की पुरतं.

फोटो तर त्याहून वाईट. एक श्रद्धांजलीच्या फलकावरून कापलेला, हाराची कड तशीच. मयताच्या बदनामीनं घरच्यांना दुखवायचा हेतू असेल, तर तीही याच कलमात येते. दुसरा फोटो जामीनदार बाईंचा, बचत गटाच्या कार्यक्रमातला. शेजारणीचा अर्धा चेहराही त्यात आलेला. तिचा कर्जाशी काडीचाही संबंध नाही!

“वकीलसाहेब, ‘मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ आहेच की,” संपादक म्हणाले. ती ओळ कामाला येत नाही. मजकूर बदनामीकारक आहे हे ठाऊक असून छापणारा आणि विकणारा, दोघंही ३५६ मध्ये येतात.

थकबाकीदारांच्या फोटोंवर कोर्टांचं एकमत नाही. २००६ मध्ये मद्रास हायकोर्टानं बँकेच्या बाजूनं कौल दिला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं सहकारी संस्थेला असे फ्लेक्स लावायला मनाई केली. निपाणी ज्याच्या हद्दीत येते, त्या कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठावर दोन्ही बंधनकारक नाहीत. माझ्या मते केरळचंच बरोबर. वसुलीला कोर्ट आहे, जप्ती आहे. गावात बाईचा चेहरा फिरवायची गरज नाही.

म्हणून मथळा आणि फोटो काढायला लावले. सोसायटीकडून वसुली आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणि त्या दिवसाचा खातेउतारा मागवला. उताऱ्यात एकाची बाकी शून्य! त्याचं नाव वगळून उरलेल्यांपैकी ज्यांच्यावर जप्तीचा आदेश होता, त्यांची साधी लिलाव नोटीस ठेवली.

तोवर मंजुरीसाठी पाठवलेली पीडीएफ संचालकांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. कायद्याच्या लेखी प्रसिद्धी तिथंच झाली. पोलीस यात थेट गुन्हा नोंदवत नाहीत, तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते. दिवाणी दाव्याला १ वर्षाची मुदत, फौजदारी तक्रारीला ३ वर्षांची. त्यामुळे फाइल सर्वांसाठी डिलीट करायला सांगितलं, सोसायटीला लेखी कळवलं आणि ती कुठल्या ग्रुपवर, किती वाजता गेली याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले.