तुम्ही विचारलंत म्हणून: गणित कच्चं असलं तर प्रोग्रामिंग जमतं का?

“दहावीला गणितात जेमतेम पास झालो, शाळा मराठीतली. मला प्रोग्रामिंग जमेल का?” यवतमाळकडच्या आमच्या गावातली पोरं-पोरी मला हे नेहमी विचारतात.

जमतं. मी पस्तिसाव्या वर्षी सुरुवात केली. घरात कम्प्युटर नव्हता, म्हणून फोनवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ॲप घेतलं. आणि अडले ती गणितावर नाही, बरोबरच्या चिन्हावर.

धड्यात ओळ होती: एकूण = एकूण + वजन. शाळेच्या हिशेबानं ही ओळ चूकच. भर घातल्यावर एखादी संख्या आधीएवढीच कशी राहील? दोन दिवस मी तिथेच घुटमळले. मग कापसाची वेचणी सुरू झाली. संध्याकाळी एकेका बाईचं गाठोडं काट्यावर चढायचं, आणि आई पाटीवरचा जुना आकडा पुसून तिथेच नवा मांडायची. ते बघताना उलगडलं. हे चिन्ह “सारखं आहे” असं म्हणतच नाही. उजवीकडचं आधी कर आणि जे येईल ते डावीकडच्या नावावर मांड, एवढंच ते सांगतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे विचारायचं असेल तर तेच चिन्ह दोनदा द्यायचं. नवशिक्यानं बाकी काही नाही तरी एवढं पाटीवर करून बघावंच.

“एकूण”, “वजन” ही नावं पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, देवनागरीत चालतात. आज्ञांचे मोजके शब्द इंग्रजी आहेत, ते सवयीनं पाठ होतात.

पुढे मी दोन वजनं टाकली, १८ आणि २२. उत्तर आलं १८२२! इनपुटमधून, म्हणजे आपण टाईप करून दिलेलं, सगळं पायथन मजकूर म्हणून घेतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. त्याला इंट, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणारी आज्ञा, लावलं तेव्हा ४० आले. मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडेसुद्धा इंटला कळतात, हे समजलं त्या दिवशी मला फार आनंद झाला.

लूपला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायला, वेळ लागला नाही. रांगेतल्या प्रत्येकीसाठी तेच काम: वजन गुणिले दर, मग पुढची.

आठवड्याची मजुरी बरोबर निघाली तेव्हा आईला फोन दाखवला. तिनं एकेक आकडा वाचला आणि म्हणाली, “अन् उचल? काकूनं मांगच्या बाजाराले पाचशे नेले होते न.”

त्या रात्री मी इफ, म्हणजे “जर”, शिकले.