उभ्या ट्रकची केस

‘मोटारसायकलस्वाराने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला पाठीमागून जोराची धडक दिली.’

पंचनाम्यातलं हे वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. फिर्यादी ट्रकचालक. आरोपी, मयत, माझा मोठा भाऊ. दादाला अग्नी देऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा एफआयआरची प्रत हातात आली आणि त्यात त्याच्यावरच निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा होता. आईला मी ते कधीच वाचून दाखवलं नाही.

डिसेंबर २०२२. दादा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कंत्राटी मोल्डर होता. दुसरी पाळी सुटली की साडेअकरा-बाराला तो पुणे-बंगळूर हायवेने गावाकडे निघायचा. त्या रात्री वाटेत एक दहाचाकी ट्रक बंद पडून उभा होता. मागचे दिवे बंद. दादाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची हेल्मेट आणि डबा एका पिशवीत घालून माझ्याकडे दिला. हेल्मेटचा पट्टा लावलेलाच होता, कापून काढला होता. पुढे ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी ‘हेल्मेट घातलं नव्हतं’ असं म्हणून बघितलं, तेव्हा तो कापलेला पट्टा आणि इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या) पंचनाम्यातली हेल्मेटची नोंद कामाला आली. वस्तू परत मिळाल्या की धुऊन-पुसून टाकू नका, एवढं मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. नशिबाने ती पिशवी उघडायचं धाडसच कुणाला झालं नव्हतं.

सीपीआरच्या आवारातच एक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, केस आमच्याकडे द्या, एक रुपया देऊ नका, आलेल्यातले पंचवीस टक्के आमचे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस घरी आला. पन्नास हजार रोख आणि ‘आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही’ असं छापलेला स्टँप पेपर. मी सही करणार होतो. खरंच करणार होतो, कारण गुन्हाच दादावर आहे म्हटल्यावर आता मिळणार काय, असं मनाने घेतलं होतं. वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, आधी वकिलाला दाखवा. हे इतक्या घाईनं आलेत म्हणजे काहीतरी हाय.”

वकील कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात बसणारे, गावातल्या एकाच्या ओळखीचे. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात तीन गोष्टी सांगितल्या. आरोपी मयत असल्याने फौजदारी केस ॲबेटेड समरी होऊन बंद होईल, पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पोलिसांचा तो निष्कर्ष बांधील नसतो. तिथे फौजदारीसारखा काटेकोर पुरावा लागत नाही, कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त, एवढं पाहतात. दुसरी, ट्रक परराज्यातला आणि मालक दूरचा असला तरी वारस राहतात त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. तिसरी गोष्ट ऐकून मी घाबरलो. १ एप्रिल २०२२ पासून कायदा बदललाय, अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज गेला पाहिजे. दोन महिने आम्ही तसेच घालवले होते.

मग एक पेच आला, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक घरं फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. भाऊबंद म्हणायला लागले, गुन्हा आपल्यावर आहे, पाच लाख घ्या आणि मोकळे व्हा. पण ते स्वीकारले की कलम १६६ खालचा, म्हणजे ट्रकची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागणारा दावा संपतो. वकील म्हणाले, “वहिनींचं वय पस्तीस, दोन मुलं शाळेत. पाच लाखांत त्यांची किती वर्षं निघतील ते तुम्हीच सांगा. पण १६६ मध्ये गेलात तर ट्रक कसा उभा होता हे आपल्याला दाखवावं लागेल.”

ट्रक कसा उभा होता हे पंचनाम्यात एका शब्दानेही नव्हतं. दिवे चालू होते का, लाल त्रिकोण ठेवला होता का, मागे परावर्तक पट्टी दिसत होती का, काही नाही.

आता ते दाखवणारा माणूस शोधायचा होता. दादाला उचलायला सगळ्यात आधी थांबला होता तो शाहू मार्केट यार्डात भाजी घेऊन निघालेला एक टेम्पोवाला, एवढंच कळलं होतं. पंधरा दिवस मी पहाटे मार्केट यार्डात चकरा मारल्या. सापडला तेव्हा त्याने हात जोडले. “दादा, मी बघितलंय सगळं. पर कोर्टाचं लचांड नको ओ. माझं पोट गाडीवर हाय, हेलपाटे घालत बसलो तर पोरं काय खातील?” अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलंय, पोलीस त्याला जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. म्हणजे यायचं की नाही ते सर्वस्वी त्याच्यावर होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग खिशातून मोबाईल काढून एक फोटो समोर धरला.

काच तडकलेला मोबाईल, रात्रीचा, फ्लॅश मारून काढलेला फोटो. ट्रकचा मागचा भाग. ताडपत्रीचं टोक खाली लोंबतंय आणि त्याने परावर्तक पट्टी जवळजवळ झाकली गेलीय. दोन्ही दिवे काळे. मागे चार-पाच पावलांवर दोन दगड आणि बाभळीची एक फांदी, बाकी काही नाही. आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी उजव्या चाकांच्या खालून न जाता ट्रकच्या पोटाखालून गेलेली. म्हणजे ट्रक पुरता कडेला नव्हताच, उजवी चाकं दादाच्या लेनमध्ये होती. त्या फोटोकडे बघताना मला दादा दिसला नाही, पण त्याला काय दिसलं नसेल ते दिसलं.

वकिलांनी पुढे युक्तिवादात हेच मांडलं. ताशी ६० चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. डिपरवरच्या हेडलाइटला अंधारातला न चमकणारा काळा पत्रा तीस-चाळीस मीटरवर कसाबसा दिसतो. मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातलं निम्मं अंतर संपतं. आणि समोर मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालणारी गाडी, ती जागची हलत नाही. सगळा मार माणसाच्या छातीला आणि डोक्याला बसतो.

फोटो व्हॉट्सॲपवर मागून घेऊन चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मूळ मोबाईल दाखवावा लागतो, आणि त्यातली प्रत द्यायची तर पुरावा कायद्याचं (तेव्हाच्या कलम ६५ब चं) प्रमाणपत्र लागतं. टेम्पोवाल्याने तोच तडकलेला मोबाईल सव्वा वर्ष जपून ठेवला, नवा घेतला तरी तो विकला नाही. या माणसाचं ऋण आमच्या घरावर कायम आहे.

दावा मे २०२३ मध्ये दाखल झाला. ट्रकमालक आला नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश झाला. लढली ती विमा कंपनी. मध्येच राष्ट्रीय लोकअदालतीत बारा लाखांवर मिटवायची तयारी त्यांनी दाखवली. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून वहिनींनी नको म्हटलं. वहिनींची उलटतपासणी दोन तास चालली. नवरा दारू प्यायचा का, असं विचारलं तेव्हा त्यांनी पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “त्यात लिहिलंय ते वाचा.” कंपनीने ट्रकचालकाला मात्र साक्षीला आणलंच नाही. निकालात न्यायाधीशांनी हे ठळकपणे नोंदवलं.

पगाराचं वाईट वाटतं. ओव्हरटाइमचे चार-पाच हजार दादाला हातात रोख मिळायचे, त्याचा कागद नाही म्हणून ते धरले गेले नाहीत. बँकेत जमा होणारे १८,००० तेवढे धरले.

जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. हिशोब असा. १८,००० मध्ये पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २५,२००. घरात अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. वय ३८, म्हणून गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १५. झाले ३४,०२,०००. त्यात पत्नी, दोन मुलं आणि आई यांना सहवास हरपल्याबद्दल प्रत्येकी ४८,४००, शिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेच्या नुकसानीचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ३६,३१,९००. आणि मग शेवटची ओळ: मयतानेही पुरेशी काळजी घेतली नाही, म्हणून २० टक्के वजा. हातात २९,०५,५२० आणि अर्ज केल्या तारखेपासून व्याज. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत गेली.

लोक म्हणतात, एवढं मिळालं, आता सोडा. पैशाचं म्हणाल तर खरंच पुष्कळ आहे. पण ते वीस टक्के म्हणजे दादाची चूक, आणि ती ओळ मुलं मोठी झाल्यावर वाचतील. वहिनींचंही तेच म्हणणं पडलं.

अपिलाची मुदत नव्वद दिवसांची. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागली असती. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, सीपीआरच्या समोर. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिथे अपील दाखल केलं. वकीलपत्रावर सही करून वहिनी बाहेर आल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. समोर रस्त्यापलीकडे सीपीआरचं दार. त्या रात्रीनंतर त्या या रस्त्याने कधी आल्या नव्हत्या, रिक्षावाल्यालासुद्धा लांबून वळायला लावायच्या.

“इथंच तारखा पडणार का?” त्यांनी विचारलं.

“हो वहिनी.”

“पडू देत,” म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून त्या बाजूच्या रिक्षाकडे चालू लागल्या.