कोकमतेलाचा दाढीचा साबण

शनिवार, रात्री

आत्याने कुडाळहून पाठवलेले कोकमतेलाचे गोळे शेवटी आज कामी आले. तिने ते टाचांच्या भेगांसाठी दिले होते. दाढीच्या साबणात घालतोय म्हटल्यावर फोनवर म्हणाली, "तुझ्या गालांना भेगा पडल्यात की काय?"

खोबरेलाचा फेस झटकन येतो, पण फुगे मोठाले. एक गाल होईपर्यंत दुसऱ्यावरचा बसतो, आणि कातडी ओढल्यासारखी होते ती वेगळीच. दाढीचा फेस ओला आणि घट्ट, जागच्या जागी राहायला हवा. ते काम स्टिअरिक ॲसिडचं, म्हणजे तेला-चरबीतल्या एका घट्ट आम्लाचं. कोकमतेलात ते निम्म्याहून जास्त असतं, म्हणून तर ते थंडीत दगडासारखं घट्ट होतं. शिवाय तेलाचा साबण होताना ग्लिसरीन सुटतं, ते ओल धरून ठेवतं. नुसत्या स्टिअरिक पावडरीतून ते मिळत नाही, वरून घालावं लागतं.

आजचं माप: स्टिअरिक ॲसिड ८० ग्रॅम, कोकमतेल ७०, खोबरेल ४०, एरंडेल १०. तेलाचा साबण करणारे तीव्र क्षार, कॉस्टिक पोटॅश आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही. नुसत्या सोड्याची वडी इतकी कडक होते की ब्रशला काही लागतच नाही, नुसत्या पोटॅशचा मऊ लगदा होतो. तेल बदललं की हिशेब नव्याने करायचा: खोबरेलाला ग्रॅममागे साधारण ०.२५ ग्रॅम पोटॅश लागतं, कोकमतेलाला ०.१९ च्या आसपास. आलेल्या आकड्यातून ५ टक्के कमी घेतलं, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण चावत नाही.

पोटॅश पाण्यात सोडायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं कॉस्टिक खाऊन टाकतं. चष्मा आणि हातमोजे घातलेच, आणि पोरांना खालच्या मजल्यावर पिटाळलं.

वितळलेल्या स्टिअरिकवर द्रावण पडताक्षणी सगळं आळलं. बिघडलेल्या उकडीसारख्या गुठळ्या, चमचा उभा राहील असा गोळा. इथे घाबरायचं नाही. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून घोटत राहिलो, तशा गुठळ्या विरल्या, कडेने गोळा अर्धपारदर्शक होत गेला. गॅस बंद करून मग ग्लिसरीन घातलं आणि गरम असतानाच डब्यात दाबून बसवलं.

रविवार, दुपारी

सकाळी ब्रश फिरवला. बोअरच्या पाण्यात फेस आला न आला तोच फाटला, वाटीच्या कडेला पांढरट चिकट थर. तोच साबण, तोच ब्रश, पण फिल्टरचं पाणी घेतलं तर फेस इतका दाट की वाटी उलटी केली तरी पडेना. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची न विरघळणारी साय करतं, म्हणून हा फरक. लोक तेलाच्या टक्केवारीवर आणि सुगंधावर तासन्‌तास डोकं चालवतात (मीही त्यांतलाच), पण आमच्या सोसायटीच्या नळाला कुठलीही पाककृती पुरी पडणार नाही. दाढीला लागतं ते वाटीभर पाणी, तेवढं फिल्टरचं घ्यायला कुणाची हरकत नसावी.

दाढी मात्र छान झाली. हनुवटीखाली, जिथे केस उलटसुलट फिरतात आणि ब्लेड नेहमी अडतं, तिथे पात्याला सरकायला ओलसर थर मिळाला. नंतर तुरटी फिरवली, जेमतेम चुरचुरली. खोबरेल अजून जास्त वाटतंय. तोंड धुतल्यावर गाल जरा कोरडे पडले. पुढच्या वेळी ४० चे ३० करून ते १० कोकमतेलात टाकीन, आणि अर्थात कॉस्टिकचा आकडाही खाली येईल.

वासाचं अजून नको. मोठ्याचा आग्रह वाळ्याचा आहे, पण ताज्या दाढीवर सुगंधी तेल झोंबलं तर साबण झोंबला की तेल, कळणार कसं? आधी बिनवासाचाच जमू दे. गोळे अजून दोन उरलेत, आणि आत्याला आता टाचांचं कारण सांगता येणार नाही.