मध्ये प्लस की मध्ये मायनस?

"पिन बसते ना साहेब? मग चालणारच." हे वाक्य मी अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्या तिघांकडून ऐकलं. पिनच्या मध्ये प्लस हवा की मायनस, हा माझा प्रश्न तिघांनाही कळलाच नव्हता, हे मला कळायला तीन आठवडे गेले.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला बुद्धिबळाचा संगणक आहे. सोंगटी घरावर जरा दाबली की टुक वाजतं, कडेचे लाल दिवे त्याची चाल दाखवतात. सहा जाडे सेल खातो आणि लवकर खातो. मूळ अ‍ॅडॉप्टर घर बदलताना हरवला. पोटाखालच्या लेबलावर '९ व्होल्ट डीसी, ३०० मिलिअँपिअर' एवढं शाबूत होतं (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज). त्यापुढची गोल आणि कंसाची छोटी खूण मात्र घासून गुळगुळीत झालेली. पिनच्या आत प्लस की मायनस हे सांगणारी तीच तर खूण!

माहितीपुस्तिकेत काय, तर 'आमचाच अ‍ॅडॉप्टर वापरा'. कंपनीने ही यंत्रं बनवणं कधीच सोडलंय.

पहिला विक्रेता म्हणाला, एक अँपिअरचा लावलात तर जळेल. हे चूक. यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. अ‍ॅडॉप्टरची क्षमता जास्त असली तर बिघडत नाही, कमी असली तर बिघडतं. दुसरा म्हणाला, सगळ्यांना मध्ये प्लसच असतो. हेही चूक, आणि हे महागात पडणारं चूक. राउटरला बहुधा मध्ये प्लस असतो, पण जुन्या यंत्रांत उलटंही सर्रास सापडतं. आत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असला तर यंत्र उलट्या जोडणीतून वाचतं, नसला तर संपलं. तिसऱ्याने सरळ सांगितलं, "लावून बघा." लावून बघा! पस्तीस वर्षं जुन्या चिपवर!

रोज रात्री टॉर्च घेऊन ते लेबल तिरकं धरून बघायचो. एकदा शिसपेन्सिल घासून पाहिली, तर उरलेलं 'डीसी'ही पुसट झालं.

मग एकदा सेल बदलताना डोक्यात आलं की उत्तर सेलच्या खोक्यातच आहे. सेलचा प्लस-मायनस तर तिथे कोरलेला असतो! सेल काढले, मल्टीमीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक सॉकेटच्या मधल्या पिनला, दुसरं सेलच्या साखळीच्या शेवटच्या प्लस पट्टीला: शांत. मायनसच्या स्प्रिंगला: बीप. म्हणजे मध्ये मायनस. तरी विश्वास बसेना, म्हणून चार स्क्रू काढले. आत ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, होता. त्याचा मधला पाय ग्राउंड, इथे म्हणजे मायनस, असतो. तोही मधल्या पिनशी बीप. त्या रात्री मी घरात सगळ्यांना हे दोनदा समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

हो, सेल काढण्याआधी चालू डाव कागदावर उतरवून घ्या. मी जिंकत होतो.

पिनचं बाहेरचं माप ५.५ मिलिमीटर जुळलं, तरी आतलं भोक २.१ की २.५ हे बघाच. मला आधी २.५चा मिळाला. बसला, पण सैल. सोंगटी दाबली की पट हलायचा, वीज तुटायची, डाव पहिल्यापासून.

जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅडॉप्टर घरात पडलेला असेल तर आधी मोजा. माझ्या '९ व्होल्ट'च्या ठोकळ्याने काहीही न जोडता १३ दाखवले. यंत्र जोडून लोड आला की उतरतात, पण जास्तीचे व्होल्ट तो बिचारा ७८०५ उष्णता करून सोसतो. हलका, रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा, घ्या. आणि आउटपुटला खरंच डीसी लिहिलंय ना तेही वाचा. एसी, म्हणजे दिशा पालटत राहणारी वीज देणारेही असतात.

शेवटी मध्ये मायनसवाला मिळाला. त्याला पांढरी पट्टी चिकटवून ठळक लिहिलंय: 'बुद्धिबळ. राउटरला लावू नये.' पट्टीवर पारदर्शक टेपही लावली आहे, ही अक्षरं तरी घासली जाऊ नयेत म्हणून.