दोन ओएचच्या मधली जागा

सोमवार, रात्री

आज एम.एस्सी. भाग एकच्या मुलांचं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल होतं. पेचमन. म्हणजे कुमारिन नावाच्या कड्याचा पदार्थ बनवण्याची रिॲक्शन: रिसॉर्सिनॉल (कार्बनचं कडं, त्यावर दोन ओएच म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट), इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि थंडगार कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बहुतेकांच्या हातून हे एकदा तरी गेलेलं असतं. फ्लास्क बर्फाच्या टबात, तापमान 10 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, मिश्रण थेंबाथेंबानं सोडायचं आणि शेवटी सगळं कुटलेल्या बर्फावर ओतायचं. फिकट गाळ पडतो. तो गाळायचा, अल्कोहोलमधून रिक्रिस्टलाइझ करायचा. मेल्टिंग पॉइंट 185 च्या आसपास आला की मुलं खूश होतात आणि जर्नल लिहायला पळतात.

मी त्यांना पळू देत नाही. चिमूटभर पदार्थ सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून टेस्ट ट्यूब यूव्ही लॅम्पखाली धरायला लावते. आज बाहेर चाळिशी गाठलेलं ऊन, खिडक्यांना जुने पडदे, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ती निळी झळाळी. एकाच वेळी सगळ्या बॅचच्या तोंडून 'आईशप्पथ' बाहेर पडलं. मग सांगितलं की हा 7-हायड्रॉक्सी-4-मिथाइलकुमारिन नुसता शोभेचा नाही. पाण्यात ई. कोलाय आहे का हे बघण्याच्या एका टेस्टमध्ये हाच रेणू साखरेच्या भागाला बांधून ठेवलेला असतो. जिवाणूचं एन्झाइम तो बंध तोडतं, रेणू सुटतो आणि यूव्हीखाली निळा दिसतो. म्हणजे पिण्याचं पाणी तपासणारा कुठलातरी माणूस आज आम्ही पाहिली तीच झळाळी बघत असतो.

मुलं सामान आवरत होती तेव्हा मंगळवेढ्याकडची एक मुलगी मागे थांबली. वर्गात फारशी बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? रिंग या बाजूलाच का बंद झाली? दोन ओएचच्या मधे पण जागा मोकळी होती की."

किती नेमका प्रश्न! रिसॉर्सिनॉलच्या कड्यात दोन ओएचच्या बरोबर मधला कार्बन आहे आणि बाहेरच्या बाजूचा कार्बनही आहे. इलेक्ट्रॉनच्या हिशोबानं दोन्ही सक्रिय. तरी नवं कडं बाहेरच्या बाजूला बंद होतं, म्हणून ओएच सातव्या जागी येतो. मधे बंद झालं असतं तर पाचव्या जागी आला असता. पुस्तकात तयार उत्तर असतं, गर्दीचं: मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना गट असल्यानं तिथे दाटी होते. तिला मी म्हटलं, "अगं, मग मला असं सांग, तुला मधल्या जागीच काही बसवायचं असेल तर काय करशील?" ती विचारात पडून गेली. बुधवारी सगळ्या वर्गाला याचं उत्तर सांगायचं ठरवलंय.


बुधवार

आज सिलॅबसमधलं पुढचं युनिट बाजूला ठेवलं आणि फळ्यावर पुणे असं लिहिलं.

1930 च्या दशकात पुण्याच्या रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूटमध्ये डी. बी. लिमये काम करत होते. मंगळवेढ्याच्या मुलीनं सोमवारी विचारलेला प्रश्नच त्यांच्यासमोर होता, फक्त उलट्या बाजूनं. रिसॉर्सिनॉलवर सरळ ॲसिटाइल गट चढवायला गेलं की तो बाहेरच्या, चौथ्या जागी बसतो आणि रेसॲसिटोफिनोन मिळतं. मधल्या, दुसऱ्या जागी बसलेलं संयुग हवं असेल तर? लिमयांनी आधी पेचमन करून बाहेरची जागा कुमारिनच्या कड्यानं अडवून टाकली. मग उरलेल्या ओएचचं ॲसिटेट केलं, म्हणजे त्याच्या ऑक्सिजनवर ॲसिटाइल गट बसवला, आणि ते निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडबरोबर तापवलं. ही फ्राइस रिॲक्शन. ॲसिटाइल गट ऑक्सिजनवरून उठतो आणि शेजारच्या आठव्या कार्बनवर जाऊन बसतो. हा आठवा कार्बन म्हणजेच मूळच्या रिसॉर्सिनॉलमधली दोन ओएचच्या मधली जागा! शेवटी कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, उकळायचं. कुमारिनमधलं लॅक्टोनचं कडं उघडतं, तुटून जातं आणि हातात राहतं 2-ॲसिटाइलरिसॉर्सिनॉल. काम झाल्यावर काढून टाकायच्या सेंटरिंगसारखं वापरलंय त्यांनी ते कुमारिन.

या पद्धतीला 'निधोन' प्रक्रिया म्हणतात. त्यांचे लेख 1932 आणि 1934 मध्ये जर्मनीच्या 'बेरिश्टे' या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आले. पुढे 1936 पासून पुण्यातून 'रसायनम्' नावाचं नियतकालिकही त्यांनी चालवलं. 'ऑरगॅनिक सिंथेसिस'च्या मालिकेत कुठलीही कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून तपासतात. त्या मालिकेत हे संयुग याच मार्गानं बनवलेलं आहे आणि तळटिपांमध्ये लिमयांचं नाव आहे.

हे सांगताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. चढू दे. आमची मुलं क्लेमेन्सन, क्लायझेन, नोवेनागेल ही नावं पाठ करून नेट-सेटला बसतात. ज्यांची प्रक्रिया पुण्यात जन्मली त्या लिमयांचं नाव पदवीपर्यंत त्यांच्या कानावर पडलेलं नसतं. आणि ती प्रक्रिया सुरू होते ती अगदी सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या पदार्थापासून.

तास संपायच्या आत दुसरं नावही घेतलं. के. व्यंकटरामन. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) आले आणि 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण भाग दोनच्या पेपरात हमखास विचारली जाणारी बेकर–व्यंकटरामन रिॲक्शन (हीही ऑक्सिजनवरचा गट कार्बनवर नेणारी) त्यांनी केली तेव्हा ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. 1933-34 ची गोष्ट. त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये विल्सन बेकर स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. ऑक्सफर्ड आणि लाहोरचं एक कॉलेज, दोघांची नावं एका बाणावर. मुलांना याचं नीट काही वाटावं म्हणून मी क्षणभर गप्प उभी राहिले.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग आपल्याकडे का नाही होत असं?" उत्तर लगेच दिलं नाही. शनिवारी लॅबमध्ये या म्हटलं.


शनिवार

भाग दोनचे दोघे आणि माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी सकाळीच आले होते. मंगळवेढ्याची मुलगीही आली, तिचं काही काम नसताना.

फ्राइसची तयारी केली. ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली उघडली की हवेतली ओल लागून पांढरा धूर निघतो, हायड्रोजन क्लोराइडचा. कोकणातल्या पावसाळ्यात हे वजन करणं म्हणजे दिव्यच. आमच्या कोरड्या मार्चमध्ये निदान तेवढी सवलत आहे. तरी झाकण उघडं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, झटपट वजन, झटपट फ्लास्कमध्ये, वर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब. ऑइल बाथ हळूहळू चढवायचा. फ्लास्कमधला पदार्थ आधी ओलसर होतो, मग घट्ट होत जातो, आणि ढवळणं अवघड झालं की कळतं आता काम होतंय.

नंतरच्या कॉस्टिकच्या पायरीला कंडेन्सरमधून पाणी लागतं. उन्हाळ्यात नळ सोडून ठेवणं आम्हाला परवडत नाही आणि पटतही नाही. गेली काही वर्षं आमच्याकडे कूलरचा पंप आहे, प्लास्टिकच्या टबात बुडवलेला, आणि वरून बर्फाचे खडे. तेच पाणी कंडेन्सरमधून फिरून परत टबात येतं. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी बसवलेली ही व्यवस्था. ते टबावर झाकण ठेवतात आणि बर्फ संपत आला की न सांगता आणून टाकतात. संशोधनाच्या लेखात त्यांचे आभार मी दर वेळी मानते.

कॉस्टिकमध्ये फिनॉलला हवा लागली की ते काळवंडतं, म्हणून नायट्रोजनच्या फुग्याखाली उकळवलं. ॲसिडिफाय केल्यावर पिवळसर घन खाली बसला. टीएलसी केली, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर पदार्थ चढवून पाहिला, स्पॉट वेगळा दिसला. मुलांनी तोंडं वर केली. झालं का?

झालं का ते एनएमआर सांगणार, रेणूतले हायड्रोजन कसे बसलेत ते दाखवणारं यंत्र. तो आमच्याकडे नाही. सॅम्पल मुंबईच्या आयआयटीतल्या किंवा चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या सैफकडे, म्हणजे बाहेरच्यांचीही सॅम्पल तपासून देणाऱ्या केंद्राकडे, जातं. यात माझी एक पद्धत आहे आणि ती मी मोडू देत नाही. पाकीट बंद करण्याआधी मुलांनी स्पेक्ट्रम कागदावर काढायचा. एक आपल्याला हव्या असलेल्या संयुगाचा, एक नको असलेल्याचा. आज तासभर त्यावर वाद चालला. ॲसिटाइल मधे बसलं असेल तर रेणू सममित. कड्यावरचे तीन हायड्रोजन दोन गटांत पडणार: दोघांचा एक डब्लेट (दोन टोकांचा सिग्नल), एकाचा ट्रिप्लेट (तीन टोकांचा). बाहेर बसलं असेल तर तिन्ही हायड्रोजन वेगळे, तीन सिग्नल. म्हणजे कागद येईल तेव्हा पहिल्या नजरेत निकाल लागणार. भाग दोनच्या मुलानं ओएचचे दोन प्रोटॉन वेगवेगळे दाखवले होते. मंगळवेढ्याची मुलगी हळूच म्हणाली, "दादा, दोन्ही बाजू सारख्याच आहेत ना?" त्यानं खोडरबर घेतलं.

मशीन शेजारच्या खोलीत असतं तर ट्यूब आत टाकून दहा मिनिटांत उत्तर आलं असतं, आणि हा तास झाला नसता. तरी मशीन हवंच. लवकर हवं. त्यासाठीचे प्रस्ताव मी लिहीतच राहणार. पण ते येईपर्यंतचा काळ वाया जातो असं मला कुणी सांगू नये.


रविवार

बुधवारचा प्रश्न अजून मनात आहे. आपल्याकडे का नाही होत असं?

यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकानं आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकानं 14. त्यात लहान विभागात रिकाम्या जागा असतात. तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक जीव तोडून शिकवतात आणि सुट्टीचे पैसे त्यांना मिळत नाहीत. शिवाय नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेची कामं, पेपर तपासणी. प्रमोशनसाठी शोधनिबंध मोजले जातात, शिकवणं मोजायला कुणाकडे माप नाही. मग साहजिकच दोन गट पडतात. काही जण तासाला नोट्स देऊन लॅबकडे धावतात, काही जण लॅबचं दार लावून घेतात आणि फक्त शिकवतात. मला दोघांबद्दल तक्रार नाही. दोघंही थकलेले असतात.

पण माझं मत या वर्षांत पक्कं होत गेलंय. लहान विद्यापीठात संशोधनाचे प्रश्न भाग एकच्या प्रॅक्टिकलमधून उचलावेत. मोठ्या संस्थांच्या शर्यतीत धावायला आमच्याकडे पैसा नाही, यंत्रं नाहीत, पोस्टडॉक नाहीत. आमच्याकडे दर वर्षी नव्या डोळ्यांची एक बॅच येते, जी प्रश्न विचारायला अजून लाजते पण विचारते. पेचमन मी इतकी वर्षं घेतेय, तरी "मधे पण जागा मोकळी होती की" हे वाक्य इतक्या सरळपणे माझ्यासमोर या सोमवारीच आलं. लिमये काय किंवा लाहोरचे व्यंकटरामन काय, त्यांनी निवडलेली रसायनंही काचेच्या साध्या उपकरणांत, ऑइल बाथवर होणारी होती. एनएमआर तर तेव्हा कुणाकडेच नव्हता. मेल्टिंग पॉइंट, मिश्र मेल्टिंग पॉइंट, मूलद्रव्यांचं विश्लेषण आणि डोकं, एवढ्यावर त्यांनी रचना ठरवल्या.

आणि दोघांना जोडणारा एक रस्ता अजून आमच्या टेबलावर पडून आहे. लिमयांच्या मार्गानं केलेलं 2-ॲसिटाइलरिसॉर्सिनॉल घ्यायचं, त्याचं बेन्झोएट करायचं, त्यावर बेकर–व्यंकटरामन करायची, मग ॲसिडमध्ये कडं बंद करायचं. हातात येतं 5-हायड्रॉक्सीफ्लेवोन. वनस्पतींमधल्या कितीतरी फ्लेवोनॉइडमध्ये पाचव्या जागी ओएच असतोच. पुण्यातून निघून लाहोरमार्गे फ्लेवोनपर्यंत. हे एका सत्राच्या प्रोजेक्टमध्ये बसतं, कमी खर्चात बसतं, आणि प्रत्येक पायरीला विचारण्यासारखं काही आहे.

त्यातला एक प्रश्न खरोखर आमचा होऊ शकेल. फ्राइसमध्ये गट सहाव्या जागीही जाऊ शकतो, तरी मुख्यतः आठव्यावर जातो. ॲसिटाइलच्या जागी प्रोपिओनिल घेतलं, बेन्झोइल घेतलं, कड्यावर आणखी एखादा गट ठेवला, तर आठव्याचा वाटा किती बदलतो? तापमान कमीजास्त केलं तर? आधी जुनं वाङ्मय नीट चाळावं लागेल, 'रसायनम्'चे अंक मिळतील तिथून मिळवून. ज्याची उत्तरं छापलेली आहेत ते सोडून उरलेलं करू.

मंगळवेढ्याच्या मुलीचा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी, तिसऱ्या सत्रात सुरू होईल. मी तिला हेच सुचवणार आहे. उद्या स्टोअरच्या इंडेंटमध्ये निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड लिहायचंय, आणि मोठ्या बाटलीऐवजी छोट्या छोट्या बाटल्या मागायच्यात, म्हणजे एकदा उघडली की एका बॅचमध्ये संपेल. काकांना दुसऱ्या पंपाचंही विचारायला हवं. एकाच टबावर दोन कंडेन्सर चालतील असं ते म्हणतात, मला शंका आहे. उद्या लावून बघू.