समुद्रतळावरचं टीएनटी शोधताना, माझा अनुभव

मी जर्मनीत कीलला मास्टर्स करतेय आणि माझा विषय ऐकला की सगळे विचारतात, रोबोट खाली सोडला की सेन्सर सांगतो ना विष कुठंय ते? तसं अजिबात होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडं बॅकग्राउंड. दुसरं महायुद्ध संपल्यावर उरलेला दारूगोळा इथे सरळ समुद्रात टाकून दिला, जर्मनीच्या हद्दीत अंदाजे 16 लाख टन. एवढ्या वर्षांत पत्रा गंजून फुटलाय आणि आतलं टीएनटी, म्हणजे एक विषारी स्फोटक, पाण्यात उतरतंय. कीलच्या खाडीच्या तोंडाशी कोल्बर्गर हायडे म्हणून भाग आहे, तिथे माइन्स (पाण्यातले सुरुंग) आणि टॉर्पेडोची स्फोटक भरलेली डोकी अक्षरशः पसरलेली आहेत, आणि जवळच बीचवर पोरं पोहत असतात!

काम सुरू होतं एयूव्हीपासून, म्हणजे केबल नसलेला, आपला आपण फिरणारा रोबोट. शेत नांगरतात तसा तो सरळ रेषेत जातो, वळतो, परत येतो. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे तळावर ध्वनिलहरी सोडून तो स्वतःचा वेग मोजतो आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवतो, पण त्यात चूक हळूहळू साचत जाते, मग वर येऊन जीपीएस घ्यायचं. सोनारला प्रतिध्वनीवरून तळावरची वस्तू दिसते आणि चुंबकीय बदल टिपणाऱ्या मॅग्नेटोमीटरला लोखंड, पण ते माइन आहे की बोटीचा जुना नांगर हे कॅमेऱ्यालाच विचारावं लागतं, आणि इथल्या बाल्टिक समुद्राचं पाणी गढूळ असल्याने त्यासाठी तळाच्या अगदी जवळून जावं लागतं.

पहिल्यांदा फोटो जोडून पाहिले तेव्हा एका माइनचं कवच फुटलेलं होतं, आतला गोळा उघडा पडलेला आणि त्यावर तारामासे निवांत बसलेले. मी बराच वेळ तो एकच फोटो झूम करून बघत होते.

आता मुख्य मुद्दा: फोटोत विष दिसत नाही. उघड्या टीएनटीला लागून असलेल्या पाण्यात प्रमाण भरपूर असतं, पण जरा लांब गेलं की लिटरमागे नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग), आणि इतकं कमी मोजायला शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरच, म्हणजे रेणूंच्या वजनावरून रसायन ओळखणारं लॅबमधलं यंत्रच लागतं. म्हणून रोबोटच्या नकाशावरून जागा ठरवायची, तळालगतचं पाणी घ्यायचं, लगेच गाळायचं आणि बारीक कार्ट्रिजमधून ओढायचं, म्हणजे रसायन त्यात अडकतं. उजेड लागला की टीएनटीचं दुसरंच रसायन होतं, त्यामुळे बाटल्या तपकिरी काचेच्या. हलत्या बोटीवर, थंडीत गारठलेल्या बोटांनी हे सगळं करायचं, आणि प्रत्येक बॅचसोबत शुद्ध पाण्याचा ब्लँक सॅम्पल घ्यायचाच, नाहीतर आलेला आकडा समुद्राचा की आपल्याच नळीचा हे कोण सांगणार?

माझ्या मते या ब्लँकवरच सगळी विश्वासार्हता उभी आहे. इथे माइन्सजवळ मुद्दाम टांगलेल्या शिंपल्यांत टीएनटीचे घटक सापडलेत, म्हणजे हे अन्नसाखळीत शिरतंय, अशा वेळी ढिसाळ आकडा देणं मला गुन्हाच वाटतो.

सरकारने यासाठी 10 कोटी युरो ठेवले आणि 2024 मध्ये ल्युबेकच्या उपसागरात दारूगोळा काढायची ट्रायल सुरू झाली. उचलताना जुनं कवच फुटलं तर एकदम किती रसायन सुटेल ही मला खरी काळजी आहे, त्यामुळे काढायच्या आधीचं, काढतानाचं आणि नंतरचं, तिन्ही वेळचं पाणी तपासलंच पाहिजे.